ड-खालचा ठिपका

खजुरी बाजारात, जिन्याखालच्या खोपटात
गेंदालाल चौकसेंचं दुकान.
दोरीवर वाळत घातलेली कॉमिक्स,
जुन्या कॅलेंडरची कव्हरं, त्यांवर अजून तारखा.
घरी न्यायचे चार आणे,
तिथेच पायरीवर बसून दहा पैसे.
मी दहा पैशांची गिऱ्हाईक.

आठव्या वर्षी मला गोष्ट नकोच होती.
हवा होता तो पिवळा काटेरी ढग
आणि त्यात लालभडक धड़ाम!
तूफानचंदाने कुणाला हाणलं, का हाणलं,
ते ज्याचं त्याने बघावं.
फक्त त्या ड-च्या पायाशी एक ठिपका असायचा.
आमच्या मराठी शाळेतल्या ड-ला तो नव्हता.
मला वाटलं, छापखान्यातली माशी बसून गेली.
नखाने खरवडायला लागले तर
गेंदालाल म्हणाले, "रहने दे बेटा,
वो गया तो आवाज़ चली जाएगी."

घरी धाकट्या निरंजनसाठी सगळं मराठीत करायचे.
माझा तूफानचंद "मेल्या, थांब!" म्हणायचा
आणि खलनायक ज्वालासेन सगळ्यांना अहो-जाहो करायचा.
त्यामुळे वाईट माणसं फार नम्र असतात
असं माझं मत झालं.
ते अजून बदललेलं नाही.

बाराव्या वर्षी मी पक्ष बदलला.
पानोपानी तेच दंड, तीच छाती,
किती बघायची?
ज्वालासेनकडे हिरवा रेशमी झगा होता,
मांडीवर मांजर,
आणि कैद्यालाही आधी चहा विचारायची रीत.
शेवटी तो विहिरीत पडायचा.
मांजराचं पुढे काय झालं
ते कुणीच काढायचं नाही.

'आग्याखोऱ्याचा खजिना'चं शेवटचं पान फाटलेलं होतं.
गेंदालाल शेवट तोंडी सांगायचे, त्याच दहा पैशांत.
निरंजनला सांगितलं, खजिना सापडला.
मला सांगितलं, मांजर चालत चालत इंदूरला आली,
राजवाड्यामागे एका हलवायाकडे असते, रबडी खाते.
समोरच्या शिंप्याचा मुलगा होता, कैलास.
त्याचा बाप सुरतेला गेला तो गेलाच.
त्याला सांगितलं,
शेवटच्या पानावर एक माणूस परत येतो.

कॉलेजात मी असलं काही वाचत नव्हते.
म्हणजे उशीच्या अभ्र्यात ठेवून वाचत होते.

तिशीत एक जाडजूड, काळंपांढरं पुस्तक घेतलं,
अर्ध्या पगाराचं.
त्यात अकरा पानं एक बाई संत्रं सोलते.
नुसती सोलते.
पहिल्यांदा पैसे बुडाले म्हणून चरफडले,
दुसऱ्यांदा चिकाटीने वाचलं,
तिसऱ्यांदा, मार्चमधल्या एका दुपारी,
बोटांना वास आला.

आता डोळे अधू झाले
आणि आवड आणखीच बारीक.
चित्राआधी मी अक्षरं बघते :
फुग्यात मजकूर मावेना म्हणून
कुणी शेवटचा शब्द अंग चोरून बसवलाय,
कुठे एका वेलांटीला उगाच शेपूट फुटलंय.
त्याचं नाव कुठेच नसायचं, त्या लिहिणाऱ्याचं.
ठिपके द्यायला मात्र तो विसरला नाही,
एकदाही नाही.

गेल्या वर्षी रद्दीत तोच 'खजिना' मिळाला, अख्खा.
शेवटचं पान होतं.
तूफानचंद हसतो, खजिना सरकारजमा होतो,
खाली दंतमंजनाची जाहिरात.
कुणी परत येत नाही.
मी स्वयंपाकघरातली सुरी आणली
आणि पान शिवणीपासून सरळ कापलं.

पुस्तक निरंजनच्या उर्वीला पाठवलं.
काल तिचा फोन :
"आत्या, पुढचं पान कुठाय? शेवट काय होतो?"

मी गॅस बारीक केला, खुर्ची ओढली.
म्हटलं, थांब, आधी सांग,
तुला सध्या काय हवंय?