वारा कुठून शिरतो

तीन महिने मला वाटत होतं
माझेच खांदे संपलेत.
बायको निरगुडीचं तेल तापवून चोळायची,
मीही अठ्ठावन्न काय कमी वय झालं
म्हणत पाठ पुढं करायचो.

मग निपाणीच्या स्टँडामागं
उसाचा ट्रॅक्टर आडवा आला
आणि क्वालिस वळेना.
वळेना म्हणजे वळली,
पण गंजलेल्या रहाटासारखी, हिसक्या-हिसक्यानं,
आणि शेवटच्या टोकाला गेल्यावर
बॉनेटखालून म्हैस हंबरली.

कोल्हापूरचा पोरगा म्हणाला,
पंप गेलाय काका, बारा हजार.
मोबाइलमधनं मान वर न काढता
सांगितलेले आकडे
नेहमी असे गोल असतात.

संकेश्वरला दुंडाप्पा कम्मार.
हायवेवरनं खाली उतरलं की
चिंचेखाली तीन मेलेल्या जीपा
आणि एक पाटी,
वर कन्नड, खाली मराठी.
मराठीतलं ‘स्टेरिंग’ चुकलंय ते मला दिसतं,
कन्नडमधलंही चुकलंय
असं तोच हसत सांगतो.

त्यानं पाना उचललाच नाही.
"चालू कर." केली.
"फिरव." फिरवलं.
एक लांब स्क्रू-ड्रायव्हर पंपावर टेकवून
मूठ कानाला लावली,
आणि डोळे मिटून उभा राहिला
इतका वेळ, की मीच श्वास धरला.
पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला.
लवायला हवा तेवढाच लवला.
मग तेलाच्या डब्याचं झाकण काढलं,
"हिकडं या. काय दिसतंय?"

तेल लाल असायला हवं होतं.
आत उतू जाता जाता थांबलेल्या चहासारखा
करडा फेस.

"गळतंय म्हणजे," मी म्हणालो, खाली वाकलो.
गाडीखाली त्यानं पुठ्ठा सारला होता.
पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

"गळत न्हाई वो," दुंडाप्पा म्हणाला.
"ओढतंय."

डब्याकडनं पंपाकडं जाणारा वीतभर रबरी पाइप,
वीस वर्षं इंजिनाच्या धगीला बसून
लाकूड झालेला.
क्लिपेखाली केसाएवढी चीर.
बाहेर एक थेंब येत नाही,
म्हणून कुणाला दिसत नाही.
पण पंप तहानेनं घोट घेतो
तेव्हा तेलाबरोबर वारा शिरतो आत.
आणि वारा काय, दाबला की दबतो,
ओझं ढकलत नाही.
"म्हणून वरडतोय गरीब.
पंप शाणा हाय तुमचा."

नवा पाइप, दोन क्लिपा.
जुनं तेल बाटलीत उतरवलं, काकवीसारखं काळं.
पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद,
मी स्टेरिंगवर,
आणि डब्यापाशी तेल ओतायला सिद्राम,
त्याचा पुतण्या, रायबागहून नवीन आलेला,
मराठीचं अक्षर न येणारा.

"एडक्के," तो म्हणाला.
डावीकडं, टोकापर्यंत.
"बलक्के."
उजवीकडं.
"निधान, निधान."
बुडबुडे वर येत होते, फुटत होते,
तेल खाली बसत होतं, तो घोटभर घालत होता.
एडक्के. बलक्के.
वीसेक वेळा झालं असेल.
मधेच कधीतरी लक्षात आलं,
शब्द डोक्यात पोचायच्या आधी
हात वळतायत.

"साकु," सिद्राम म्हणाला.
डब्यात तेल निवांत, लाल,
नव्या काकणासारखं.

नऊशे चाळीस रुपये.
जुना पाइप त्यानं पेपरात गुंडाळून हातात दिला,
गिऱ्हाइकाला संशय नको म्हणून.
मी तो वाकवून बघितला,
कडकन मोडला.

तवंदी घाटात पहिल्या वळणाला
सवयीनं सगळा जोर लावला
आणि गाडी थेट मोरीच्या कठड्यावर निघाली.
कशीबशी सावरली.
मागनं येणारा टेम्पोवाला
जे काही ओरडला ते
दोन्ही भाषांत कळण्यासारखं होतं.
पुढची वळणं मग दोन बोटांनी,
उगीच भीत भीत.

डावा खांदा अजून थोडा दुखतोय.
घरी सांगितलेलं नाही.
गाडी झाली का, तिनं विचारलं,
झाली म्हणालो,
आणि वाटी तापत होती
तिकडं बघत शर्ट काढला.