दोघी बोलताना

मकरपुऱ्याच्या लॅबमध्ये एसी बंद ठेवलाय,
टेबलावर मीटिंगचा फोन, पोट उघडं,
आणि माझ्या कानात शालनमावशी.

दोघं एकाच वेळी बोलण्याचा नमुना हवा होता.
ऑफिसातली पोरं एकमेकांसाठी थांबतात,
"तुम्ही आधी, तुम्ही आधी", काही कामाची नाहीत.
मग रविवारी दांडिया बाजारात गेले,
मावशीच्या दिवाणावर हा फोन ठेवला
आणि खामगावच्या लीलूमावशीला लावून दिला.

एक्केचाळीस मिनिटं.
एकीनं दुसरीचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.
बरणीतली बुरशी, गॅसचा नंबर, रमणच्या मुलीचं मोडलेलं,
सगळं एकमेकींच्या अंगावरून,
आणि शेवटी दोघींना सगळं माहीत.

यंत्राला ते जमत नाही.
खामगावचा आवाज स्पीकरातून निघतो,
भिंतीला, कपाटाला, स्टीलच्या डब्यांना लागून
माइकमध्ये परत शिरतो,
तेवढा ओळखून वजा करायचा.
ऐकता ऐकता ते खोली शिकत जातं.
मध्येच शालनमावशी बोलली
की तिलाही भिंत समजतं
आणि शिकलेलं सगळं नासवतं.

म्हणून मी लिहिते: दोघी बोलत असताना
काही शिकू नकोस.
(हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.)

ओळखायचा नियम जुना आहे.
पलीकडून नुकताच आलेला सर्वांत मोठा आवाज घे.
त्याच्या निम्म्याहून जास्त इथं वाजलं
तर इथं माणूस आहे.
कमी वाजलं तर प्रतिध्वनी. पूस.

सत्ताविसाव्या मिनिटाला
मावशी पाणी प्यायला थांबलीय,
लीलूमावशी एकटीच चालू,
आणि काहीतरी पुसलं गेलंय.
मूळ फाइल लावली, तीनदा.
स्वयंपाकघराच्या दारातून काका:
"चहा टाकू का गं?"

निम्म्याचं पाव केलं. काका आले.
पण आता पंखाही माणूस ठरतो,
कपबशी, खालच्या रिक्षाचा हॉर्न,
यंत्र सारखं थांबतं, शिकतच नाही,
आणि खामगावात लीलूमावशी
स्वतःलाच ऐकत बसते.

सात वाजले. वॉचमन दोनदा डोकावून गेला, "बेन, केटली वार?"
मी मावशीला फोन लावला:
त्या दिवशी काकांनी चहा केला होता का गं?

"केला होता की," मावशी म्हणाली,
"तू दोन कप प्यायलीस."