नळीतली माती

सतराव्या खणात बावीस उंदीर.
पालथे, पाय मागे ताणलेले,
डोळ्यांच्या जागी कापूस.
पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी:
आकडे गुजराती, शब्द मराठी,
अक्षर शितोळेकाकांचं.

कोपऱ्यातल्या खोक्यात एकवीस नळ्या, बुचाच्या.
काका कच्छच्या रणात गेले की उंदराबरोबर
त्याच्या बिळाच्या तोंडची मातीही आणायचे.
प्रोफेसर हसायचे.
काका म्हणायचे, नुसता उंदीर आणणं म्हणजे
निम्मं वाक्य बोलून उठून जाणं.

नळ्यांवरची नावं कसरीने खाल्ली.
वरून हुकूम आलाय, माती टाकून द्या,
नव्या यादीत मातीला रकाना नाही.

म्हणून पाचनंतर, सगळे गेल्यावर,
पंखा बंद करून मी टेबलावर पेपर पसरते.
एक माती भाजलेल्या रव्यासारखी.
एक उन्हात विसरलेल्या खारकेची.
एकीत मीठ आहे
(चाखून पाहिलं, कुणाला सांगू नका).

एकेक उंदीर एकेका मातीवर ठेवून बघते.
चुकीच्या मातीवर तो उंदीर असतो.
बरोबर मातीवर
आधी पाठ जाते,
मग कूस,
मग दोन कान तेवढे उरतात, खड्यांसारखे,
आणि खडे म्हटलं की तेही गेले.

रंग कुणी दिला, काका?
घुबडाने.
जे दिसले ते त्याने उचलले.
न दिसलेल्यांची ही पोरं.

आणि पोट पांढरं का?
अगं, सावली आपल्याच पोटाखाली साचते.
ती पुसायला चुना नको?

एवढं करूनही पौर्णिमेला बाहेर पडायचं
तर तो दहादा विचार करतो.
चांदणं त्याला परवडत नाही.
पडलाच, तर झुडपाच्या बुंध्याशी,
आणि वर काही सरकलं की जागच्या जागी थिजतो.
निम्मं काम रंग करतो,
उरलेलं, न हलणं.
डोळ्यांचं मात्र काही करता येत नाही.
रात्री बघायचं तर ते मोठे हवेत, काळे, पाणीदार,
मातीत कधीच न मिसळणारे.

खणातल्यांना ती चिंता नाही. कापूस.

रात्री नवापर्यंत एकवीस जुळले.
बाविसावा सावळा, जाड केसांचा, वाळवंटातला नव्हेच.
चिठ्ठीवर: बडोदें. विश्वामित्रीचा कांठ. कॉलेजमागें.
त्याची नळी नाही.
दाराशीच तर माती,
ती कोण कशाला भरून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन नदीवर गेले.
पाण्यात एक ओंडका होता.
बडोद्यातल्या पोरांना चालायच्या आधी कळतं
की ओंडक्यावर विश्वास ठेवू नये.
पुलावर दोघं-तिघं वाकून पैज लावत होते,
मगर आहे, नाही, आहे.
ओंडका काही बोलत नव्हता.
मला हसू आलं. इथे दोन्ही बाजू एकच शाळा शिकलेल्या.
मी वरच्या वरच, बाभळीखालची माती भरली
आणि मागे न बघता चढून आले.

ओली होती. काळी कुळकुळीत.
तिच्यावर तो उंदीर कोसभरावरून दिसला असता.
तेव्हा मला काकांची आठवण आली
आणि थोडा रागही,
की त्यांनी मातीबद्दल सगळं सांगितलं,
वाळायला किती वेळ लागतो ते नाही.

पेपरवर पसरून तशीच ठेवली. शनिवार, रविवार.
खिडकीतून ऊन येतं तिथे.
उंदीर वरच राहिला, खणात ठेवायचा विसरून.

सोमवारी मी चप्पल काढतेय तोवर
रेवाबेनने पेपर चारी कोपऱ्यांनी उचलला होता,
केराचा डबा पायाने पुढे ओढून.
थांब, थांब, मी ओरडले, त्यात आहे तो!
तिने पेपर खाली ठेवला, वाकून पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं.
बेन, आमां तो खाली माटी छे.

मीही वाकले.
भेगा पडलेली, राखाडी, कोरडी माती.
क्षणभर मलाही सापडेना.