वाटा

दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी
मी म्हापशाच्या बाजारात भाव विचारत फिरतो
आणि काहीच विकत घेत नाही.
आपोलिनला हे अजून पटलेलं नाही.

टॅबलेटवर रकाना आहे :
बांगडा, ताजा, मध्यम, एक किलो.
आपोलिनकडे किलो नाही.
तिच्याकडे वाटा आहे,
ओल्या फळीवर मांडलेला, शेपट्या सगळ्या एकीकडे.
"शंबर," ती म्हणते.
मागच्या महिन्यात शंभर, त्याच्या मागेही शंभर.
मी शंभर लिहितो.
फरक शून्य टक्के. हिरवी खूण उमटते.

फक्त जानेवारीत वाट्यात आठ होते.
आता पाच,
आणि त्यातली एक तर तारली, अंग चोरून बसलेली.

फेलिसियोची पोयही पाचाची पाचालाच.
आतली हवा तेवढी वाढलीय.
चलनफुगवटा म्हणतात तो हाच असेल,
पण हवेला रकाना नाही.

जून-जुलैत ट्रॉलर बंद.
बाजारात बांगडा नाही, नावालाही नाही.
यंत्र मागचा भाव पुढे ओढतं;
दोन महिने आम्ही
नसलेल्या माशाचा भाव स्थिर ठेवतो.

एकदा मी शेरा लिहिला : वाटा लहान झाला आहे.
पणजीहून मणेरीकर साहेबांचा फोन. सभ्य माणूस.
"लहान म्हणजे किती ग्रॅम?"

म्हणून या खेपेला घरचा ताणकाटा नेला,
बॅगा तोलायचा.
आपोलिनने वाट्यावर तळहात ठेवला.
"घेवपाचें आसल्यार जोख."

हात तसाच ठेवून तिने विचारलं,
पेपरात येतं ते दरडोई म्हणजे काय रे?
मी म्हटलं, समज, सगळ्यांची कमाई
एका फळीवर ओतायची
आणि माणशी सारखे वाटे मांडायचे.
तिने फळीकडे पाहिलं. मग फळीखाली.
"आनी म्हजो खंय दवरला?"

शंभराची नोट काढली.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
काट्यावर पाच बांगडे (तारली धरून) :
चारशे ऐंशी ग्रॅम.
आकडा टिपतोय तोवर
तिने पिशवीत आणखी एक टाकला.
"हो वयर. आयज तूं गिरायक."

आता काय लिहू?
भाव विचारणाऱ्याचा वाटा पाचाचा,
विकत घेणाऱ्याचा सहाचा,
आणि मी दोघंही.
पुन्हा तोलायला गेलो तर ती पुढच्या बाईशी बोलत होती.
काट्याचा हुक बांगड्याच्या कल्ल्यात अडकला,
सोडवताना बोटं चिकट झाली,
पडद्यावर दोनदा शंभर उमटलं.
एक खोडलं.

संध्याकाळी डिचोलीला, मोरीपाशी
सुलक्षाने पिशवी उपडी केली, मोजले.
"शंभराला सहा?" ती म्हणाली.
"स्वस्त झाले वाटतं."