अर्थिंग

कंपनीच्या आरोग्य शिबिरात डॉक्टर पोरगी म्हणाली,
काका, उजव्या कानात वरचे सूर कमी येतात तुम्हाला.
बावीस वर्षं रोलिंग मिलमध्ये
लाल सळई किंचाळत समोरून जाते,
तिनंच नेले असतील.
मी विचारलं, खालचे किती दिवस पुरतील?
ती हसली. कागदावरची रेघ
फेब्रुवारीनंतरच्या विहिरीसारखी उतरत गेलेली.

तेव्हा ठरवलं, उरलंय ते नीट ऐकायचं.

अलीमोद्दीननं दोन जोड काउंटरवर ठेवले.
एक बंद पाठीचा. कानावर बसला की
बाहेरचा जालना पुसून टाकतो,
रिक्षा, जनरेटर, अलीमोद्दीनचं बोलणंसुद्धा.
ओठ हलताना दिसले त्याचे, भाव सांगत असावा.
दुसरा जाळीच्या पाठीचा.
त्यात सारंगी येते, अन् सारंगीच्या पलीकडून
चहाच्या बशीचा आवाजही.
माझ्या घरात दोन खोल्या, निजलेली माणसं,
आणि नळाचा काही नेम नाही.
मी जाळीचा घेतला.
"तीन सौ ओहम है भाई, मोबाइल के बस का नई."

अँप्लिफायर दाखवायची त्याची रीत वेगळी.
गाणं लावलंच नाही.
बटण शेवटपर्यंत फिरवलं अन् म्हणाला,
"अब सुनो, कुच नई आरा ना?"
पहिल्या यंत्रात तेल तापत होतं.
दुसऱ्यात लांब कुठंतरी कुणी ज्वारी पाखडत होतं.
तिसरं त्यानं स्वतः जोडलेलं,
पत्र्याच्या डब्यात, ट्रान्सफॉर्मरनं एका बाजूला जड.
त्यात काहीच नव्हतं.
त्या काहीच नसण्याचे मी अडतीसशे मोजले,
दोन महिन्यांचा ओव्हरटाइम.

घरी लावलं तर गुणगुणलं.
ती भट्टीचीच गुणगुण, मी ओळखतो.
मला वाटायचं, चपलेसारखी ती दाराशी सोडून येतो.
ती भिंतीतल्या तारांतून
माझ्याआधीच घरात येऊन बसलेली.

अलीमोद्दीननं फोनवर विचारलं, घराला अर्थिंग आहे का?
गवंड्यानंही विचारलं होतं, बांधताना.
तेव्हा पैसे फरशीत गेले.

रविवारी मोरीमागं खड्डा घेतला.
हातभर माती, मग मुरूम, मग पहार.
तांब्याची पट्टी, कोळसा, खडेमीठ, पुन्हा कोळसा,
अन् वरून दोन बादल्या पाणी.
सत्वशीला दारात उभी.
"नऊ दिवसांनी नळ येतो,
अन् तुम्ही जमिनीला पाजू लागलात?
कामून, तर म्हणे कानाला बरं वाटावं!"
मी काय बोलणार.
मातीतून बुडबुडे आले, तेवढे ऐकत बसलो.

त्या रात्री पाळी नव्हती.
आम्रपाली भरतीच्या पुस्तकावर गाल ठेवून झोपलेली.
बटण फिरवलं, पार शेवटपर्यंत.
गुणगुण गेली होती.
मग आवाज खाली घेतला, सारंगी लावली.
गज फिरायच्या आधी वाजवणाऱ्याचा श्वास आला.
कुणीतरी मांडी बदलली, सतरंजी सरकली.
इतकी वर्षं ऐकतोय,
हा माणूस एका खोलीत बसून वाजवतो
हे ठाऊकच नव्हतं.
वरचे सूर? आले थोडे.
नाही आले त्यांची जागा कळत होती,
पडलेल्या दाताकडं जीभ जाते तशी.

साडेतीनला जाळीतून दुसरंच काही शिरलं.
नळाच्या घशात घरघर, मग हवा, मग दोन थेंब.
हेडफोन बाजेवर टाकला.
"सत्वशीला, नळ!"
ड्रम, घागरी, कुकर, तिच्या माहेरचं घंगाळ,
सगळं भरेपर्यंत फटफटायला आलं.
बाजेवर सारंगी एकटीच चालू,
डासाएवढी.

शेवटची बादली उचलून ती मोरीमागं गेली.
मी पाहिलं नाही.
पाणी मातीत पडल्याचं ऐकलं फक्त,
डाव्या कानानं जास्त.