वीसपैकी पाच

दसरा चौकाच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर,
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेली आमची खोली.
निधी संपत आला होता तेव्हा तो आला.
माजी नाईक आनंदा खवरे, सैनिक टाकळी.
खिशात तीन कानतज्ज्ञांचे कागद,
तिन्हींवर एकच शेरा: श्रवण उत्तम.

"ऐकाय येतंय वं," तो म्हणाला, "सगळंच येतंय.
पंखा येतोय, जिन्यातली चप्पल येतीया,
तुमच्या पेनाचं टोपण येतंय.
तुम्ही बोलताय तेवढंच मागं ऱ्हातंय."

स्फोटाबद्दल अर्जात चार ओळींची जागा होती.
त्यानं एवढंच सांगितलं,
शेजारी बसलेल्याचं गाव कुठलं होतं ते.
उरलेल्या ओळी मी कोऱ्या ठेवल्या.

वाक्यं माझ्याच आवाजातली.
बैल ओढ्याकाठी थांबला.
मावशीने लाल शाल पांघरली.
सहा महिने खपून निवडलेली,
कुणाचंच काही न दुखावणारी वाक्यं.
शांततेत त्यानं वीसची वीस परत दिली,
ताठ बसून, परेडवर नाव पुकारल्यासारखी.

मग मी गोंगाट सोडला.
बाहेरून आलेली तयार फाईल:
कुठल्याशा हॉटेलात काटे-चमचे, आठ परके गळे एकदम.
त्यानं हेडफोन उतरवला.
"ह्यो आमचा दंगा न्हाई."

खरंच होतं ते.
दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला
मी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, ओढणीत रेकॉर्डर गुंडाळून.
ग्लासात पडणारी धार, म्हशीचं फुसकारणं,
साखळी, स्टँड लावलेल्या मोटारसायकली,
"फेस नगं, दूध घाल",
आणि कुणीतरी कुणाला तरी
शेजारच्या गल्लीतून मारलेली हाक.

गुरुवारी त्या दंग्यात पुन्हा माझीच वाक्यं.
"बाई... वाड्यापाशी..."
"माशी. लाल माशी? न्हाई. सोडा फुडं."
त्याचा अंगठा गुडघ्यावर रुतत गेला.
एसी चालू होता, तरी कॉलर भिजली.
वीसपैकी पाच.
त्याच वयाचे गूळबाजारातले हमाल,
तालुक्याबाहेर फारसे न गेलेले:
सरासरी सतरा.

आकडा कसा सांगावा म्हणून मी चष्मा पुसत बसले.
तोवर त्यानं पडद्यावर वाचला होता.
"पाच?"
आणि हसला.
इतका वाईट निकाल ऐकून
इतकं मोकळं हसलेला माणूस मी पाहिला नव्हता.
"म्हंजी हाय तर. खरंच हाय."

बारा वर्षं घरात एकच वाक्य:
सोयीचं तेवढं बरं ऐकाय येतंय.
बारा वर्षं तो नुसत्या ओठांकडं बघून हसत आला,
बारशाला हसला, बैठकीत हसला,
एकदा साडूच्या मयतातही.
मी मेंदूतल्या वाटांचं सांगू लागले.
त्यानंच ते आवरतं केलं:
"वायरलेस चालू हाय,
पर आख्खी कंपनी एकाच चॅनेलवर बोलतीया."

मग म्हणाला, "ह्याचा कागद मिळंल? शिक्का मारून?"

संमतीपत्र, पान तीन, कलम नऊ:
वैयक्तिक निकाल सहभागी व्यक्तीस दिला जाणार नाही.
मीच ते वाचून दाखवलं होतं. शांततेत.
त्याला शब्दन् शब्द कळला होता.

शिक्का नव्हता.
निळ्या शाईनं तारीख घातली, खाली सही केली.
त्यानं कागदाच्या चार घड्या घातल्या,
त्या तीन कागदांत नाही,
वेगळ्या खिशात ठेवला.

परवा फोन आला. त्याचा नाही, बायकोचा.
"मी वैजयंता बोलतीया, टाकळीस्नं..."
मागं मिक्सर फिरत होता, चटणीचा असावा.
"थांबा हां," ती म्हणाली.
बटण दाबल्याचा आवाज आला,
मग पातं थांबेपर्यंतची घरघर,
मग काहीच नाही.
"हां. आता बोला."

मला मिक्सरातही ऐकू आलं असतं.
ते मी तिला सांगितलं नाही.