सातव्या दिवशी

वेइक्को सालोरांता आता खेळ बनवत नाही,
खेळांवर पैसे लावतो.

हेलसिंकीत, बंदराकडे तोंड केलेल्या खोलीत
रोज तीन-चार पोरं येतात लॅपटॉप घेऊन,
ओले बूट दाराशी काढून.
तो कॉफी ओततो आणि विचारतो,
सातव्या दिवशी कितीजण परत येतात?

अठरा वर्षं तो टेबलाच्या पलीकडे होता.
सुरुवात टेस्टर म्हणून. भिंतींना धडकायचं काम:
आठ तास, एकेक भिंत,
कुठून आरपार जाता येतं का.
मग निर्माता. मग काचेची केबिन.
मग तो नोव्हेंबर, जेव्हा त्यानं
कोल्ह्याचा खेळ बंद केला
आणि एक्केचाळीस जणांना एकेक करून आत बोलावलं.
आकडे त्याच्या बाजूनं होते.
आकडे कुणाच्या तरी बाजूनं असतातच.

आजची मुलगी, हेल्का, चोवीसची असेल,
तिसऱ्या स्लाइडवर अडखळली.
म्हणाली, खेळूनच बघा ना.
त्यानं कंट्रोलर घेतला.
अंगठ्यांना सगळं आठवत होतं.

बर्फातून एक म्हातारी स्लेज ओढत चाललेली, बस्स.
त्यानं तिला वाटेनं नेलंच नाही,
वळवून कुंपणावर धडकवलं,
पुन्हा धडकवलं,
कोपरान् कोपरा चाचपत राहिला.

काय शोधताय? तिनं विचारलं.

बाहेर तालिनची बोट भोंगा देऊन सुटली.
पुढचा भिडू दाराशी बूट काढत होता.

आरपार जाता येतं का ते, तो म्हणाला.

कुंपण पक्कं होतं.
सातव्या दिवसाचं विचारायचं
राहूनच गेलं.